दहावीच्या पुस्तकातले जंत आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रायझोबियम जिवाणूंचा एक प्रयोग आहे. शिंबावर्गातले एखादे रोप मुळासकट उपटायचे, मुळांवरच्या गाठी पाहायच्या, एका गाठीचा पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. प्रयोग चांगला आहे. भंडारदऱ्याहून राजूरमार्गे अकोल्याकडे उतरताना पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरे मागे पडत जातात आणि सोयाबीन दिसू लागते. या पट्ट्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला रोप शोधायला लांब जावे लागत नाही. ऑगस्टमध्ये मुलांना सांगायचे, घरच्या शेतातले एक झाड हळूच उपटून आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर चाळीस झाडे असतात.

एके वर्षी एका मुलीने आणलेल्या झाडाची मुळे गाठींनी अक्षरशः लगडलेली होती. मी ते झाड वर धरून वर्गाला दाखवले. "बघा, इथे नत्राचा कारखानाच चालू आहे!" तिच्या वहीवर मी दहापैकी दहा गुण दिले. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण सर, आमचं सोयाबीन तर पिवळं पडलंय."

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. लोह कमी असेल, पाणी साचले असेल, असेच काहीसे. संध्याकाळी ते झाड घरी नेऊन नीट पाहिले, तेव्हा चूक उमगली. त्या गाठी रायझोबियमच्या नव्हत्याच. सूत्रकृमींच्या होत्या. मी ज्याला नत्राचा कारखाना म्हणून गुण दिले, तो त्या झाडाचा आजार होता.

ही चूक माझी होती आणि ती पुस्तकावर ढकलायची नाही. मात्र नंतर मी पाचवीपासून बारावीपर्यंतची पुस्तके या एका प्राण्यासाठी चाळली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपली पुस्तके आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी माहितीपत्रके या प्राण्याबद्दल जे सांगतात ते बहुतांशी खरे असते. तरीही ते वाचून कुणाला तो शेतात ओळखता येणार नाही. असे का होते, ते या लेखात तपासायचे आहे.

आधी पुस्तक पाहू. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे. त्यात गोलकृमी हा संघ येतो. शरीर धाग्यासारखे किंवा दंडगोलाकार, आभासी देहगुहा, काही स्वतंत्र राहणारे तर काही परजीवी, लिंगे वेगवेगळी, अशी लक्षणे दिली आहेत. उदाहरणे तीन आहेत : पोटातला जंत, हत्तीरोगाचा जंत आणि डोळ्यातला जंत.

पोटातल्या जंताबद्दल तक्रार नाही. शाळेत जंतनाशक गोळ्या वाटल्या जातात, मुलांना तो ऐकून माहीत असतो. हत्तीरोगही ठीक. विदर्भात तो आजही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. पण डोळ्यातला जंत, म्हणजे लोआ लोआ? हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या पर्जन्यवनांचा रहिवासी. तिथल्या एका चावऱ्या माशीमार्फत तो माणसात येतो. आपल्याकडे तो पसरलेला नाही. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी दरवर्षी त्याचे नाव पाठ करावे, हे अजब आहे. बरे, परजीवी जंतांचे ठसठशीत उदाहरण हवे होते, तर ते घरातच होते. नारू! पायाच्या फोडातून बाहेर येणारा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावा लागणारा नारू आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे. पायऱ्यांच्या विहिरी, गाळून न घेतलेले पाणी, त्यातले सूक्ष्म कवचधारी प्राणी ही साखळी तोडून आपल्या देशाने तो संपवला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ना लस, ना औषध, केवळ पाण्याची शिस्त. असा धडा हाताशी असताना आफ्रिकेपर्यंत जायचे काय कारण?

माझी खरी हरकत मात्र वेगळीच आहे. तिन्ही उदाहरणे माणसाच्या शरीरातली आहेत. त्यामुळे गोलकृमी म्हणजे माणसाला होणारा रोग, असे समीकरण मुलाच्या मनात पक्के बसते. वास्तविक या संघातले बहुतेक सदस्य कुणालाही रोग करत नाहीत. मूठभर ओल्या मातीत ते शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. जिवाणू खातात, बुरशी खातात, एकमेकांना खातात. त्यांच्यातल्याच एकाने, सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या मातीतल्या कृमीने, जीवशास्त्राला केवढे दिले आहे! २००२, २००६, २००८ आणि २०२४ या चार वर्षांची नोबेल पारितोषिके त्याच्यावर केलेल्या संशोधनाशी जोडलेली आहेत. त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या शरीरात बरोबर ९५९ कायिक पेशी असतात आणि त्यातली प्रत्येक कशी बनली याची वंशावळ शास्त्रज्ञांनी मांडली आहे. आता 'उभयलिंगी' या शब्दावर थांबा. पुस्तक म्हणते या संघात लिंगे वेगवेगळी असतात. ढोबळ नियम म्हणून हे चालेल, पण संघातला सर्वांत प्रसिद्ध प्राणी नियमाला अपवाद आहे. आणि आपल्या शेतातला सर्वांत उपद्रवी सदस्यही अपवादच आहे. त्याची मादी नराशिवायच अंडी घालते. परीक्षेत 'गोलकृमी एकलिंगी असतात' याला एक गुण मिळतो. शेतकऱ्यासाठी मात्र अपवाद हीच खरी बातमी आहे. कारण एकटी मादी नवे शेत व्यापू शकते.

तो उपद्रवी प्राणी म्हणजे मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा, मराठीत मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. गंमत अशी, की हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना मुळीच अपरिचित नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात ते आहे. जैवतंत्रज्ञानाच्या उपयोगांच्या धड्यात ही सूत्रकृमी तंबाखूची मुळे पोखरते आणि आरएनए हस्तक्षेप या तंत्राने तंबाखूला वाचवता येते, असे सांगितले आहे. या तंत्रातले एक मूळ काम आपल्याकडचेच आहे. २००६ साली कानपूरची आयआयटी आणि मदुराईचे कामराज विद्यापीठ इथल्या संशोधकांनी तंबाखूवर ते करून दाखवले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारे प्रत्येक मूल हे नाव स्पेलिंगसकट घोकते. यातल्या किती मुलांना ठाऊक असेल, की हीच सूत्रकृमी त्यांच्या वडिलांच्या टोमॅटोत, वांग्यात, डाळिंबात आणि सोयाबीनमध्ये आहे? एका टोकाला दहावीतला लोआ लोआ, दुसऱ्या टोकाला बारावीतली जनुकांची करामत. मधले शेत गायब!

म्हणून पुस्तकात जे नाही ते आधी थोडक्यात सांगतो.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यातून ती पोहत मुळाच्या टोकापाशी येते. तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो. त्याने पेशीभित्ती भोसकून ती आत शिरते आणि अन्ननलिकांच्या जवळ एका जागी ठाण मांडते. पुढे ती जे करते ते विलक्षण आहे. आपल्या लाळेतल्या द्रव्यांनी ती मुळाच्या काही पेशींचे वळणच बदलते. पेशीकेंद्रक पुन्हा पुन्हा विभागते, पण पेशी विभागत नाही. पाच-सात पेशी अशा फुगून राक्षसी होतात आणि झाडाने पानात बनवलेली साखर त्यांच्याकडे वाहू लागते. भोवतालचे मूळही फुगते. हीच गाठ. अळीला आता चालायचे कारण उरत नाही. ती फुगून पेअरच्या फळाच्या आकाराची मादी होते आणि तीनशे ते पाचशे अंडी चिकट पुंजक्यात घालते. उबदार जमिनीत हे सारे साधारण महिन्याभरात उरकते.

इथे वर्गात एक हिशेब घालता येईल. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांचे पीक. म्हणजे तीन पिढ्या. एका मादीच्या तीनशे अंड्यांपैकी वीसात एकच अळी मूळ गाठून प्रौढ होते असे धरा. म्हणजे पंधरा. पुढच्या पिढीत दोनशे पंचवीस. तिसऱ्या पिढीत तीन हजार तीनशे पंचाहत्तर. वीसात एक हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे, मुलांनी तो चाळीसात एक करून पाहावा. शेतकरी म्हणतो, पेरताना काहीच नव्हते आणि कापणीला आले तेव्हा वाफेच्या वाफे पिवळे. तो खरे सांगत असतो.

आता गाठी ओळखण्याबद्दल. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते आणि जिवंत असेल तर फोडल्यावर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेले. ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटते. आत पांढरट. एवढ्या तीन वाक्यांनी माझे ते दहापैकी दहा वाचले असते. नववीच्या प्रयोगाखाली ही तीन वाक्ये छापायला अर्धा इंच जागा पुरेल. आणि ती तिथेच हवीत. कारण सूत्रकृमीचा त्रास वाढला की रायझोबियमच्या खऱ्या गाठीही कमी होतात. मग झाड नत्रासाठी उपाशी राहते, पाने पिवळी पडतात आणि शेतकरी युरिया टाकतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही सोयाबीन पिवळे पडते, विषाणूनेही पडते, पाणी साचूनही पडते. पाने पाहून यातले कारण ठरवता येत नाही. झाड उपटावेच लागते.

एक खुलासा आवश्यक आहे. सोयाबीनच्या सूत्रकृमीबद्दल माहिती शोधायला गेलात, तर बहुतेक मजकूर अमेरिकेचा मिळेल आणि तो वेगळ्याच प्राण्याबद्दल असेल : हेटेरोडेरा ग्लायसिन्स, कोश करणारी सूत्रकृमी. जपानात ती आधीपासून माहीत होती, अमेरिकेत १९५४ साली नॉर्थ कॅरोलायनात सापडली आणि आज तिथल्या सोयाबीनचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे. तिची मादी मरताना स्वतःच्या शरीराचीच कडक पेटी करते आणि त्यात अंडी कित्येक वर्षे टिकतात. आपल्या सोयाबीनमध्ये प्रश्न मुख्यतः गाठी करणाऱ्या आणि वृक्काकार सूत्रकृमींचा आहे. त्यांना अशी पेटी नसते. हा फरक साधा नाही. पेटी असेल तर जमीन एक उन्हाळा तापवून फारसे हाती लागत नाही, नसेल तर लागते. अमेरिकेचा सल्ला जसाच्या तसा उचलणाऱ्या मराठी लेखांत हे दोन प्राणी सर्रास एक होऊन जातात.

आणि इथे आपण माहितीपत्रकांपाशी येतो. सूत्रकृमी व्यवस्थापनाची पत्रके, वर्तमानपत्रांतली कृषिपुरवणी, हल्ली मोबाइलवर फिरणारी चित्रे, यांचा साचा ठरलेला असतो. उन्हाळी नांगरट करा. पिकांची फेरपालट करा. झेंडू लावा. निंबोळी पेंड टाका. अमुक औषध वापरा. रोगप्रतिकारक वाण पेरा. सगळे मुद्दे एकाखाली एक, सारख्याच वजनाने. यातला एकही चुकीचा नाही. पण प्रत्येकाच्या मागे एक 'कारण' आहे आणि तेच वगळलेले असते. कारण वगळले की सल्ला कुठे लागू होतो आणि कुठे नाही, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

फेरपालटच घ्या. आमच्याकडे एक शेतकरी मला म्हणाला, "फेरपालट तर आम्ही करतोच की. टोमॅटो, मग सोयाबीन, मग हरभरा." माणसाच्या दृष्टीने ही तीन वेगळी पिके. सूत्रकृमीच्या दृष्टीने एकच पंगत, तीन पदार्थांची. टोमॅटो, सोयाबीन आणि हरभरा या तिन्हींवर ती पोसते. फेरपालट याचा अर्थ तिला न चालणारे पीक घेणे. भुईमुगावर इन्कॉग्निटा जातीची वाढ होत नाही, ज्वारी-बाजरीवर ती बेताचीच होते. पण तुमच्या शेतात तिची बहीण जावानिका किंवा अरेनारिया असेल, तर भुईमुगाचा भरवसा राहत नाही. म्हणजे 'फेरपालट करा' या दोन शब्दांच्या आत 'कोणती सूत्रकृमी?' हा प्रश्न दडलेला आहे आणि पत्रक तो विचारतच नाही.

उन्हाळी नांगरट आणि प्लॅस्टिकने जमीन तापवणे हे दोन उपाय पत्रकात शेजारी शेजारी असतात. नांगरटीत माती उलथून कोरडी करायची, म्हणजे अंडी आणि अळ्या सुकून मरतात. प्लॅस्टिकखाली तापवताना उलट आधी जमीन भिजवायची, कारण ओल उष्णता खोलवर नेते आणि ओलीतला जीव उष्णतेला लवकर बळी पडतो. एकीत मारणारी कोरड, दुसरीत उष्णता. प्लॅस्टिक पारदर्शक हवे, काळे नको, कारण ऊन आत शिरून मातीवर पडायला हवे. ही दुसरी रीत इस्रायलमध्ये १९७६ च्या सुमारास पुढे आली. पत्रकात कारण नसल्याने मी असे शेत पाहिले आहे, की जिथे कोरड्या जमिनीवर काळे प्लॅस्टिक अंथरून महिनाभर वाट पाहिली होती. खर्च झाला, श्रम झाले. आणि मग 'हे शास्त्रवाले काहीही सांगतात' असे होते.

झेंडूची गोष्ट याहून मजेची. झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायनिल हे द्रव्य असते आणि ते सूत्रकृमींना मारक आहे, हे डच संशोधकांनी १९५८ साली दाखवले. त्यामुळे पत्रकात लिहितात, बांधावर झेंडू लावा. आता विचार करा. सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षभरात मीटरभरही सरकत नाही. मग बांधावरचा झेंडू शेताच्या मध्यावरच्या सूत्रकृमीला काय करणार? झेंडूचा उपयोग होतो तो ज्या मातीत त्याची जिवंत मुळे असतात त्या मातीत. म्हणजे शेतभर, हंगामभर झेंडूच हवा आणि त्याचा फायदा पुढच्या पिकाला. शिवाय झेंडूच्या जाती सारख्या नाहीत. लहान फुलांचा फ्रेंच झेंडू बऱ्याच सूत्रकृमींवर चांगला चालतो, दसऱ्याच्या मोठ्या झेंडूचे काही वाण तितके चालत नाहीत. दसरा-दिवाळीचा बाजार पाहता हंगामभराचा झेंडू आपल्या शेतकऱ्याला परवडूही शकेल. पण मग त्या खरिपात त्या तुकड्यात सोयाबीन नाही, हेही पत्रकाने सांगायला हवे.

निंबोळी पेंडीची शिफारस साधारण हेक्टरी एक ते दोन टनांची असते. तिचा गुण खरा आहे. तिच्यातली कडू द्रव्ये आणि कुजताना तयार होणारा अमोनिया सूत्रकृमींना जाचतात, शिवाय खत म्हणून ती कामी येते. पण दोन टन म्हणजे एकरी आठशे किलो. गावातल्या दुकानातला पेंडीचा आजचा भाव, बाजार समितीतला सोयाबीनचा आजचा भाव आणि एकरी उतारा हे तीन आकडे मुलांना आणायला सांगा आणि गणिताच्या तासाला बाकीचे सोडवू द्या. डाळिंबाच्या आळ्यात जे परवडते ते सोयाबीनमध्ये का परवडत नाही, हे त्यांचे त्यांना कळेल.

रसायनांबद्दल मला थोडे कठोर व्हावेसे वाटते. सूत्रकृमी मुळाच्या आत असते, म्हणून तिला मारायला जमिनीत पसरणारे जहाल विष लागत आले आहे. डीबीसीपी नावाचे द्रव्य जगभर अनेक वर्षे वापरात होते. १९७७ साली कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या पुरुष कामगारांत वंध्यत्व आढळले, तेव्हा ते मागे घेतले गेले. आपल्याकडे फोरेट २०२० च्या अखेरीपासून बंद आहे. कार्बोफ्युरानच्या एका दाणेदार प्रकाराखेरीज बाकी सर्व प्रकारांवर २०२३ च्या आदेशाने बंदी आली. पण जुनी पत्रके बंद होत नाहीत! त्यांचे फोटो फिरत राहतात, त्यावर तारीख नसते आणि शेतकरी दुकानात जाऊन फोरेट मागतो. ज्या पत्रकावर छापल्याचे वर्ष नाही त्यातला औषधांचा भाग वाचूच नये, असे मी मुलांना सांगतो.

राहिले प्रतिकारक वाण. ते असतील तर त्यांच्यासारखा सोपा उपाय नाही. पण त्यातही मेख आहे. टोमॅटोत एका रानटी नातेवाइकाकडून आणलेले एमआय हे जनुक गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला रोखते. मातीचे तापमान अठ्ठावीस अंशांच्या वर गेले, की ते ढिले पडते. उन्हाळी टोमॅटोच्या शेतात थर्मामीटर खुपसून पाहा. अमेरिकेत तर वेगळाच धडा मिळाला. कोश करणाऱ्या सूत्रकृमीविरुद्धचे बहुतेक सगळे प्रतिकारक सोयाबीन वाण पीआय ८८७८८ या एकाच मूळ वाणावरून उतरलेले होते. वर्षानुवर्षे तेच पेरल्याने तिथल्या सूत्रकृमी त्याला सरावल्या. उत्क्रांती आणि निवड शिकवायला डार्विनच्या चिमण्यांइतकेच चांगले उदाहरण आहे हे, आणि मुलांना जवळचे.

या सगळ्याचा भंडारदऱ्याशी संबंध काय, असे कुणी विचारेल. संबंध पाण्याचा आहे. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पाऊस धो धो पडतो आणि खाचरात पाणी उभे राहते. पाण्याखाली बुडालेल्या जमिनीत इन्कॉग्निटा फारशी टिकत नाही. भाताला त्याच्या वेगळ्या सूत्रकृमी आहेत, तो विषय निराळा. धरणाच्या खालच्या अंगाला पूर्वी बऱ्याच जमिनी खरिपानंतर पडीक राहत, उन्हाळाभर तापत. ही सक्तीची विश्रांती हाच सूत्रकृमीवरचा सर्वांत स्वस्त उपाय होता. तो कुणी मुद्दाम केलेला नव्हता, पाणी नव्हते म्हणून होत होता. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने प्रवरेच्या खोऱ्यात बारमाही पिके आणली. २०२३ मध्ये निळवंड्याच्या डाव्या कालव्यात पाणी सोडले गेले आणि पिढ्यानपिढ्या कोरड्या असलेल्या गावांच्या आशा पालवल्या. ते पाणी हवेच होते, त्यासाठी लोकांनी उभे आयुष्य वाट पाहिली आहे. पण पाण्याबरोबर टोमॅटो येईल, रोपवाटिकेतली रोपे येतील, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून शेजारच्या गावची माती येईल आणि जमीन मे महिन्यात मोकळी राहणार नाही. स्वतः मीटरभरही न सरकणाऱ्या प्राण्याला आपणच गावोगाव पोचवू. याच खोऱ्यातल्या राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथे सूत्रकृमींवर काम चालते, माती तपासून मिळते. अशा गावांतल्या शाळांनी पहिल्या दोन-चार वर्षांतच मुळे पाहायला सुरुवात केली, तर ते नुसते पाठ्यपुस्तकातले उपक्रम राहणार नाहीत.

शाळेत काय करता येते, ते आम्ही करून पाहिले. सर्वांत सोपी रीत बेअरमन नावाच्या डॉक्टरांनी १९१७ मध्ये माणसाच्या जंतांसाठी काढली. आम्ही तिची घरगुती आवृत्ती केली. एक थाळी, तिच्यात चहाची मोठी गाळणी, गाळणीत टिश्यू पेपर, त्यावर पेलाभर माती, आणि माती जेमतेम ओली राहील इतके पाणी थाळीत. दोन दिवसांनी गाळणी उचलायची. जिवंत कृमी कागदातून वळवळत पाण्यात उतरलेले असतात. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकात पहिला कृमी सळसळला तेव्हा वर्गात जो ओरडा झाला, तो ऐकून मुख्याध्यापक येऊन गेले. अर्थात, दिसणारे सगळेच उपद्रवी नसतात. तोंडात काटा आहे का, हे पाहावे लागते आणि आमच्या सूक्ष्मदर्शकात ते प्रत्येक वेळी जमत नाही.

म्हणून दुसरी रीत. सूत्रकृमी ओळखण्याचे काम टोमॅटोकडेच सोपवायचे. मुलांनी तीन ठिकाणची माती आणली : धरणाजवळच्या भातखाचरातली, सोयाबीन-टोमॅटोच्या शेतातली आणि शाळेमागच्या पडीक जागेतली. प्रत्येकीच्या पाच कुंड्या. जवळच्या एका रोपवाटिकेतून टोमॅटोची पंधरा रोपे आणून लावली. सहा आठवड्यांनी उपटून, मुळे धुऊन गाठी मोजायच्या. सोयाबीन-टोमॅटोच्या मातीत गाठी असतील आणि बाकी दोन्हींत नसतील, असे सगळ्यांनी आधीच वहीत लिहून ठेवले होते.

पंधराच्या पंधरा रोपांवर गाठी निघाल्या. भातखाचरातल्या मातीत, पडीक मातीतसुद्धा! मुले हिरमुसली. मीही. दोन दिवस आम्ही मातीच्या पिशव्या अदलाबदल झाल्या का, पाणी एकीतून दुसरीत गेले का, असे वाद घातले. शेवटी ज्या मुलीचे सोयाबीन पिवळे पडले होते तिच्या धाकट्या भावाने, तो तेव्हा आठवीत होता, विचारले, "सर, रोपं आणली तेव्हा त्यांची मुळं आपण बघितली होती का?"

बघितली नव्हती. रोपवाटिकेतून उरलेली चार रोपे आणली, ट्रेमधून काढून धुतली. चारांपैकी तिघांच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. यंदा आम्ही बी पेरतो आहोत, शाळेच्या चुलीवर लोखंडी कढईत भाजून गार केलेल्या मातीत.